सासूबाईंचा वास

बायकोच्या वाढदिवसाला यंदा भांडं द्यायचं नाही, असं मी ठरवलं. बस्, एवढंच ठरवलं होतं. त्यातून पुढे जे काही झालं त्यात माझा दोष नेमका कुठे आहे, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. (एका बाईंनी सांगितलंय. पण त्या पुढे येतीलच. येतातच.)

माझं नाव एर्मेस बोक्की. इटलीतल्या पार्मा शहराच्या नगरपालिकेत नोकरी. शहरातल्या कुठल्या बाल्कनीवर कुठल्या रंगाचं कापडी छत लावायचं, हे ठरवणारा माणूस मी. रंग एकच चालतो, हिरवा. तरी अर्ज महिनोन्महिने माझ्याकडे पडून असतात, कारण अशा गोष्टींत घाई करून चालत नाही.

तर भांडं. लग्नापासून मी लोरेदानाला दर वाढदिवसाला काहीतरी उपयोगी देत आलोय. चीज किसायचं यंत्र दिलं, कुकर दिला, गेल्या वर्षी बिडाचा तवा दिला. तो तवा हातात तोलत ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मी आपणहून टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. तेव्हाच मनात म्हटलं, पुढच्या वेळी जड वस्तू नको.

म्हणून तिच्या वाढदिवशी, बुधवारी, ऑफिस सुटल्यावर मी चौकामागच्या गल्लीतल्या सुगंधांच्या दुकानात शिरलो. काउंटरमागे मिरेला नावाची बाई होती. नाव तिच्या छातीवर सोनेरी अक्षरांत लावलेलं होतं, आणि मान अशी, की जणू हे सगळे वास तिनेच जन्माला घातलेत.

"सेंट दाखवा," मी म्हटलं.

"परफ्यूम," ती म्हणाली.

"तेच ते."

"तेच ते नाही. कोणासाठी?"

"बायकोसाठी."

"कशा आहेत त्या?"

"बरी आहे. मध्ये जरा खोकला होता."

तिने डोळे मिटले, उघडले. "स्वभावाने, साहेब. परफ्यूमला स्वभाव असतो. तो बाईच्या स्वभावाशी जुळावा लागतो."

लग्न जुळवताना आमचा स्वभाव कोणी बघितला नव्हता, आणि ही आता बाटलीचा बघायला निघाली होती. मी म्हटलं, "शांत आहे. म्हणजे रविवार सोडून."

"मग हा बघा." तिने फडताळाच्या अगदी मागून एक जांभळ्या रिबिनीची बाटली काढली. "पावडरी फुलांचा आहे. व्हायोलेट, त्याखाली आयरिसची वाळवलेली मुळं, आणि तळाशी तांदळाच्या पावडरीसारखा मऊपणा. हल्लीच्या सेंटांसारखा हा अंगावर धावून येत नाही. आधी लाजतो. मग मोकळा होतो. आणि मग राहतो."

"किती वेळ?"

"राहतो," ती म्हणाली.

आमच्या खात्यात असे दोघेतिघे आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तोवर तिने माझं एक मनगट पकडून फुसकन् मारलंसुद्धा. मी हात मागे घेतला तर दुसऱ्यावर मारलं. मी अख्खाच मागे झालो तर टायवर. वास वाईट नव्हता. ओल्या गवतात बारीक जांभळी फुलं असतात ना, तसा. हिरवा, गोडसर, निष्पाप. पण किंमत ऐकून मी "विचार करून कळवतो" म्हटलं. हे वाक्य मी ऑफिसात दिवसभर लोकांना ऐकवतो, आणि ते ऐकून माणसाचा चेहरा कसा होतो हे मला पाठ आहे. मिरेलाचा तसाच झाला.

बाहेर येऊन शेजारच्या दुकानातून मी एक चाळण घेतली. (चाळण हे भांडं नव्हे. तिला भोकं असतात.)

बसमध्ये बसलो. बाहेर धुकं, आत हीटर फुल. आणि त्या गरमीत माझं मनगट मोकळं व्हायला लागलं. आधी ते गवत गेलं, मग फुलं सुकली, आणि खालून काहीतरी वेगळंच वर आलं. पावडर. जुनी पर्स. लिपस्टिक. कपाटातला इस्त्रीचा रुमाल. मला कारण नसताना अस्वस्थ वाटायला लागलं. मी ताठ बसलो. नखं तपासली. बूट पायपुसण्यावर पुसलेत ना, असा विचार मनात आला, आणि मी बसमध्ये होतो! कोणीतरी मागून येऊन "हे असं बसतात का?" विचारणार, असं सारखं वाटत होतं. पण का वाटतंय ते कळेना.

शेजारचे म्हातारे गृहस्थ माझ्याकडे झुकले. "माफ करा हं. माझी मोठी बहीण हेच लावायची."

"अस्सं."

"फार कडक होती," ते म्हणाले, आणि पुढच्या स्टॉपवर उतरून गेले. बहुतेक त्यांचा स्टॉप तो नसावा.

घरी पोचलो. लोरेदानाने दार उघडलं, गाल पुढे केला, आणि तशीच थांबली. तिचं नाक हललं. माझं मनगट धरून तिने नाकाशी नेलं. मग टाय.

आता खरं सांगायचं तर मला भीती वाटली आणि थोडं बरंही वाटलं. या वयात, या पोटासकट, आपल्यावर दुसऱ्या बाईचा संशय येऊ शकतो, ही काही लहानसहान गोष्ट नाही. मी भुवया जरा गूढ केल्या.

"कुठे गेला होतास?" तिचा आवाज कापत होता.

"कुठे म्हणजे? ऑफिसात."

"खोटं बोलू नकोस, एर्मेस. हा वास मी जन्मल्यापासून ओळखते. अख्ख्या पार्मात हा वास एकाच बाईला येतो."

"कोणाला?"

"माझ्या आईला!" असं म्हणून तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि ती चक्क रडायला लागली. "तू आईकडे गेलास! मला न सांगता! आपणहून!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात ते व्हायोलेट होतं. बसमध्ये त्याची सासू झाली होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या सासूबाई म्हणजे इरिदे गिरेत्ती. उंचीने कमी, पाठीने ताठ. कोटाला फरची कॉलर, हातात पर्स, आणि पर्स धरायची पद्धत अशी, की समोरच्याने अंतर ठेवून बोलावं. काही वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणाला त्यांनी आनोलिनी केले होते. आमच्याकडे नाताळात घरोघरी तेच असतं, सारण भरलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या, गरम सूपमध्ये सोडलेल्या. सासूबाई वाढायला वाकल्या की स्वतःचा सुगंधही वाढायच्या. मी एक चमचा घेतला आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, "सूप छान झालंय. फक्त पावडरचा डबा कोणी सांडला का?"

एवढंच. त्या उठल्या, टोपी घातली, आणि गेल्या. तेव्हापासून त्यांनी ना आमचा उंबरा ओलांडला, ना माझ्याशी तोंड उघडलं. दर रविवारी लोरेदाना झाकलेलं ताट घेऊन एकटी त्यांच्याकडे जायची, आणि परत आली की भांडी जरा जास्तच आवाज करत घासायची. मी शांतपणे फुटबॉल बघायचो. त्या काळाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि आता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. तोंड उघडून खरं सांगायचं होतं, शपथेवर सांगतो. पण ती म्हणाली, "थांब, तुझ्यासाठी तोर्तेल्ली करते," आणि तोंड दुसऱ्याच कारणाने उघडं राहिलं. पालक नि ताजं चीज भरलेले, वितळलेल्या लोण्यात बुडालेले तोर्तेल्ली आमच्या घरात सणाला होतात, किंवा मग नवऱ्याने काहीतरी थोर काम केलं तर. म्हणजे सणालाच होतात.

मी खोटं बोललो नाही. मी फक्त खात होतो.

"काय म्हणाली आई?"

"म्.." तोंड भरलेलं.

"इतका वेळ काय करत होतास तिथे?"

आता काहीतरी बोलणं भाग होतं. समोर खिडकीत सांधेदुखीच्या मलमाची ट्यूब होती, माझीच. "गुडघा," मी म्हटलं. "त्यांचा गुडघा दुखतो. मी मलम चोळून दिलं."

"आईचा गुडघा? मला कधी बोलली नाही!"

"तुला काळजी नको म्हणून. आणि हे बघ, तिला यातलं काही विचारू नकोस हं. तुझी आई कशी आहे तुला माहीत आहे. तुला कळलंय हे तिला कळलं, तर दार कायमचं बंद करेल."

हे लोरेदानाला लगेच पटलं. तिच्या आईबद्दल वाईट काहीही सांगा, लगेच पटतं. रात्रभर ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. आमच्या घरात गुणगुणणं बंद होऊन किती दिवस झाले होते, हे मला ते सुरू झाल्यावर कळलं. (चाळण तिने बाजूला ठेवून दिली. बघितलीही नाही. चाळणीचं नशीब, की माझं, देव जाणे.)

पुढच्या मंगळवारी रात्री ती म्हणाली, "उद्या आईकडे जाशील ना? मी तोर्तेल्लीचं पीठ मळून ठेवते."

माणूस कसा घसरतो याच्या पुष्कळ गोष्टी मी ऐकल्या होत्या. पण त्या सगळ्यांत बाई नाहीतर बाटली असते. मी पिठावर घसरलो.

मग एक पद्धतच बसली. बुधवारी ऑफिस सुटलं की मी मिरेलाच्या दुकानात जायचो. नमुन्याची बाटली उचलायची, दोन मनगटं, एक टाय. मग बारमध्ये जाऊन नेविओबरोबर पत्ते. नेविओ जन्मदाखल्यांच्या खिडकीवर बसतो. तोवर वास पिकायचा. मी घरी जाईपर्यंत टायमधून सासूबाई पूर्ण तयार झालेल्या असायच्या.

"काय रे, आज्जीबाई," नेविओ पत्ते वाटताना म्हणायचा, "आज पावडर जरा जास्त झाली का?"

"तू तुझे पत्ते बघ."

"बघतोय की. पण तू शेजारी बसलास की मला चर्चला जायला हवं असं वाटतं."

घरी चौकशी व्हायची. मी गुडघ्याची प्रगती सांगायचो. पहिल्या आठवड्यात सूज होती. मग सूज उतरली. मग लोण्यात कमी पडायला नको म्हणून मी ती परत चढवली. एकदा तर सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, असंही सांगून टाकलं. लोरेदानाला हुंदका आला. मलाही जवळजवळ आला.

रविवारी ती आईकडून परत आली की हसत सुटायची. "आई तुला काय म्हणाली माहितीये? 'तो गाढव अजून जिवंत आहे का?' असं म्हणाली! चेहरा इतका गंभीर, की कोणाला खरं वाटावं! काय अभिनय करते रे!"

"हो ना," मी म्हणायचो. "अभिनयच."

पण हे सुख मिरेलाला बघवलं नाही. एका बुधवारी मी मनगट पुढे केलं, तर तिने बाटली उचलून स्वतःच्या छातीशी धरली.

"साहेब, हे दुकान आहे. नळ नाही."

"मी विचार करतोय."

"किती आठवडे? दर बुधवारी येता, डोळे मिटून हुंगता, टायवर मारून घेता आणि निघून जाता. माझी मालकीण मला विचारते, हा कोण माणूस आहे. मी काय सांगू?"

"स्वभाव बघतोय म्हणून सांगा," मी म्हटलं.

"बघून झाला असेल तर घ्या. शेवटची बाटली राहिलीय. हल्ली कोणी घेत नाही हा. एक वयस्कर बाई आहेत, त्याच दर हिवाळ्यात एक नेतात."

आता, कोणत्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे घंटा वाजली असती. माझ्या डोक्यात तोर्तेल्ली होते. मी हिशेब केला, की एक बाटली म्हणजे पुढची दोन वर्षं निश्चिंती. ऑफिसच्या टेबलात, छतांच्या अर्जांखाली ठेवून दिली की कोणाला सापडायची नाही. तिथे कोणालाच काही सापडत नाही.

"बांधा," मी म्हटलं.

मिरेलाने बाटली कागदात गुंडाळली, वर रिबिन बांधली, रिबिनीचे दोन्ही कान कात्रीने कुरळे केले, आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मागून वास आला. तोच. पण माझ्या टायवरचा नव्हे, अस्सल.

"मिरेला, माझी बाटली," सासूबाई म्हणाल्या.

"अरेरे, गिरेत्तीबाई! आत्ताच शेवटची गेली. हे साहेब घेऊन चाललेत."

मी मागे वळलो नाही. वळून काही उपयोग नव्हता. या शहरात माझी टकली पाठीमागून ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातली सगळ्यात तीक्ष्ण नजरेची माझ्या मागे उभी होती.

"एर्मेस," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द. मी टोपी काढायला हात वर नेला, तर ती काउंटरवर होती. मग नुसताच डोक्यावरून हात फिरवला.

"सासूबाई."

"तू माझा परफ्यूम घेतलास?"

आणि मिरेला, जिला माझ्याबद्दल बोलायला इतके आठवडे कोणी भेटलं नव्हतं, ती फुटली. "आता मला कळलं! हे तुमचे जावई? अहो, हे दर बुधवारी येतात. न चुकता. उभे राहतात, डोळे मिटतात, टायवर मारून घेतात, आणि हा वास घेतात. मी म्हणायची, याला कोणाची एवढी आठवण येते!"

मग पहिल्यांदाच मी ती पर्स खाली आलेली बघितली.

"दर बुधवारी?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे, जमेल तसं.."

"माझ्या वासासाठी?"

माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, खरं सांगणं. दुसराही होता. मी खाली बघितलं. खाली बघणाऱ्या माणसाबद्दल लोक नेहमी चांगलंच समजतात, हा नोकरीतला अनुभव आहे.

"आठवण यायला बरीच वर्षं लावलीस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी काउंटरवरून ते पुडकं उचललं आणि पर्समध्ये टाकलं. पर्स खट्कन बंद झाली. "रविवारी जेवायला येईन. सूप मी आणते. आणि हो, पैसे दे तिला, नुसता उभा काय राहिलास!"

रविवारपर्यंत मी झोपलो नाही. विचार करा. बायकोला वाटत होतं, मी दर बुधवारी तिच्या आईकडे जातो. आईला वाटत होतं, मी दर बुधवारी दुकानात उभा राहून तिच्या आठवणीने झुरतो. या दोघी एका टेबलावर समोरासमोर बसणार होत्या, आणि मध्ये सूप असणार होतं.

त्या आल्या. फरची कॉलर, टोपी, सूपचं भांडं आणि तो वास. लोरेदानाने दारातच मिठी मारली. "आई! शेवटी आलीस! एर्मेसने मला सगळं सांगितलंय हं."

"सांगितलं का?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, लाजेल."

"लाजतोच! पण दर बुधवारी जातो म्हणजे काय, गंमत आहे का?"

"मी पण मिरेलाला तेच म्हटलं. दर बुधवारी म्हणजे गंमत नव्हे."

"मिरेला कोण?"

"सूप गार होतंय!" मी ओरडलो. दोघींनी दचकून माझ्याकडे बघितलं. मी वाडगे मांडले, चमचे मांडले, मग वाडगे परत नीट मांडले. जेवण सुरू झालं. मी चमच्यामागून चमचा गिळत होतो आणि वर "वा", "अप्रतिम" असं म्हणत होतो. (सूपला पावडरचा वास येत होता. येतोच. मी काही बोललो नाही. माणूस शिकतो.)

आणि मग लोरेदाना आईच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आई, आता लपवू नकोस. गुडघा कसा आहे?"

सासूबाईंचा चमचा हवेत थांबला.

"कसला गुडघा?"

"अगं, डावा की कुठला तो. एर्मेस चोळून देतो तो. दर बुधवारी. तुझ्या घरी."

सासूबाईंनी चमचा सावकाश खाली ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करू शकत नाही. पण आमच्या खात्यात असा एक तपासनीस आला होता, आणि तो गेल्यावर दोन जणांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. बुधवार, बाटली, टाय, गुडघा, सगळं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांत जागेवर बसताना मी बघत होतो. मी डोळे मिटले. टोपी कुठे ठेवलीय ते आठवायचा प्रयत्न केला.

"बरा आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी डोळे उघडले.

"खूपच बरा आहे," त्या म्हणाल्या. "जावयाचा हात चांगला आहे. अजून थोडं सूप घे, एर्मेस. घे, घे. आणखी."

मी आणखी घेतलं. त्यांनी पुन्हा वाढलं. मी तेही घेतलं.

जेवणानंतर लोरेदाना कॉफी करायला आत गेली, तेव्हा त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं. वर हिरवं छत होतं, माझ्याच सहीने मंजूर झालेलं, आणि त्याखाली माझी सुनावणी झाली.

"म्हणजे माझ्या नावाने वास लावून घरी येत होतास."

"सासूबाई, मी सांगणारच होतो.."

"आणि तो वेळ?"

"बार. पत्ते."

"जिंकत होतास का निदान?"

"नाही."

"वाटलंच." त्यांनी दाराच्या काचेतून आत बघितलं. आत लोरेदाना कपबशा काढत होती, चांगल्या, लग्नातल्या. मान डोलवत होती. गुणगुणतही असावी, काचेमुळे ऐकू येत नव्हतं. सासूबाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या, आणि कॉलर नीट केल्यासारखं करून त्यांनी नाकापाशी रुमाल लावला.

"ही पोरगी माझ्याकडे दर रविवारी यायची ना, तोंड पाडून यायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तू नीट वागवत नाहीस. आज कळलं, आपण दोघं मिळून ते करत होतो." मग त्यांनी रुमाल पर्समध्ये टाकला. "ते तुझ्यासाठी नाही सांगितलं मी आत. तिच्यासाठी सांगितलं. कळलं?"

"कळलं."

"बुधवारी ये. मलम आणून ठेवते."

"पण तुमचा गुडघा तर दुखत.."

"तू दर बुधवारी तो चोळतोस," सासूबाई म्हणाल्या, "मग तो दुखायलाच हवा."

तेव्हापासून मी बुधवारी खरोखर जातो. माझ्या जागी नेविओने पत्त्यांना पेन्शनीतला एक माणूस घेतलाय, आणि तो जिंकतो. मी सासूबाईंच्या छोट्या स्टुलावर बसतो, आणि जगातला सगळ्यात धडधाकट गुडघा चोळतो. त्या टीव्हीवर प्रश्नमंजूषा बघतात आणि स्पर्धकांना शिव्या देतात. मधूनच "वर. जरा वर. मेहनत कर," असं म्हणतात, ते मला की स्पर्धकाला, विचारायची सोय नाही. घरी गेलं की माझ्या अंगाला तोच वास येतो, फक्त आता तो कमावलेला असतो. तोर्तेल्ली मात्र महिन्यातून एकदाच होतात. लोरेदाना म्हणते, आता तू घरचाच माणूस झालास, तुझं रोज काय कौतुक करायचं!

परवाच्या बुधवारी मी पोचलो तर त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या देल्फीनाबाई येऊन बसल्या होत्या. वय फार, ऐकायला कमी. मांडीवर बिस्किटांचा डबा. मी स्टूल ओढलं, बाह्या वर केल्या, मलम काढलं. देल्फीनाबाई बराच वेळ माझं निरीक्षण करत होत्या.

"डॉक्टर आहे का गं हा?" त्यांनी ओरडून विचारलं. बहिऱ्या माणसांना वाटतं, बाकीचेच बहिरे आहेत.

"जावई!" सासूबाई ओरडल्या.

"जावई? आणि इथे काय करतो?"

"येतो! दर बुधवारी! वास घ्यायला!"

"काय घ्यायला?"

"वास! माझ्या अंगाचा! त्याशिवाय करमत नाही त्याला!"

मी मान वर केली. सासूबाईंनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. देल्फीनाबाईंनी मात्र मान हलवली, सावकाश, अगदी मायेने; आणि माझ्याकडे वाकून त्या म्हणाल्या, "हो बाई, कळतं हो त्यांना. आमचे हे गेल्यावर आमचा बोनीपण असंच करायचा. दारातच शेपूट पाडून बसून राहायचा ह्यांच्या चपला हुंगत. लळा लागतो बिचाऱ्यांना."

असं म्हणून त्यांनी माझ्या टकलीवर दोनदा थोपटलं, डबा उघडला, आणि एक बिस्किट माझ्या तोंडासमोर धरलं.

माझे दोन्ही हात मलमाचे होते. दुसरा काही इलाज नव्हता. मी मान पुढे करून ते खाल्लं.

"शाबास," देल्फीनाबाई म्हणाल्या.